'इन' लागला म्हणजे उलटा अर्थ? – इंग्रजी जोडशब्दांचे घोळ (अनुभव)

मुक्ताफळ: लेकीने आज विचारलं, "आई, फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल विरुद्धार्थी ना?" आणि पहिली नोकरी डोळ्यांपुढे आली. वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये होते. थिनरच्या डब्यांवर लाल अक्षरांत इन्फ्लेमेबल. करेक्ट-इनकरेक्ट घोकून आलेली मी! म्हटलं, हे पेटत नाही. सहाही डबे वेल्डिंगच्या कोपऱ्यात छान रचून ठेवले. फोरमनकाका हातातलं टाकून धावत आले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, "पोरी, आधी बाहेर चल." तुमचेही घोळ येऊ द्या.

जुनापाना: बापरे! दोन्ही पेटणारेच. हा 'इन' नकाराचा नाही, लॅटिनमधला 'आत'वाला. असे गैरसमज नकोत म्हणूनच अमेरिकेत १९२०च्या दशकात अग्निसुरक्षावाल्यांनी 'फ्लेमेबलच लिहा' असा आग्रह धरला. न पेटणारं ते नॉन-फ्लेमेबल.

टंकाळा: निरोप समारंभात साहेबांना म्हणालो, युअर गायडन्स वॉज व्हॅल्युलेस. म्हणायचं होतं प्राइसलेस. साहेब तेव्हा हसले, बायको अजून हसते.

जुनापाना: @टंकाळा बिनमोलचं कवडीमोल केलंत की :)

सई_सांज: हसून हसून पुरेवाट. माझं हिअर आणि लिसन. मराठीत दोन्हीला ऐकणंच. नवरा ऐकतो, पण ऐकत नाही. कळलं ना? मशीन वाजलं, कपडे वाळत घालून येते.

टंकाळा: नवऱ्यांचं कोण ऐकतं? दोन्ही अर्थांनी.

अर्धविराम: स्टेशनरी!! वह्या-पेनांची 'ई'वाली, जागची न हलणारी 'ए'वाली. भौतिकच्या पेपरात उभी गाडी 'ई'ने लिहिली. सरांनी समासात चाकं लावलेली पेन्सिल काढून दिली, मार्क मात्र कापला. गंमत म्हणजे मूळ एकच. दारोदार न फिरता एका जागी बसून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर.

वाचनमात्र: फोरमनकाका भला माणूस.

मुक्ताफळ: @वाचनमात्र हो ना. नंतर सगळ्या डब्यांवर त्यांनी खडूने 'पेटतं' लिहून ठेवलं. कोणासाठी ते सांगितलं नाही.

रिकामटेकडी: माझा घोळ मोठा आहे, रात्री लिहिते.

सई_सांज: आले. एक मोजा परत गायब.

मुक्ताफळ: आमच्याकडे पण! @रिकामटेकडी, वाट बघतेय, विसरू नकोस.