फ्रान्सचा रग्बीपटू ज्याँ प्रात : फॉरवर्डच्या नावावर १३९ गुण कसे?

अकोटावासी :
आमच्या बडोद्यातील मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी ज्याँ प्रात या फ्रेंच रग्बीपटूवर एक लेख लिहीत आहे. फ्रेंच भाषेच्या वर्गात लूर्द या तीर्थक्षेत्राच्या गावाविषयी टिपण लिहिण्याची वेळ आली, तेव्हा त्या गावाला मेरीमातेच्या दर्शनाखेरीज रग्बीचीही ओळख आहे आणि ती बऱ्याच अंशी १९२३ साली तिथे जन्मलेल्या या एका माणसामुळे आहे, असे लक्षात आले. प्रात १९४५ ते १९५५ या काळात फ्रान्सकडून ५१ आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि त्याने १३९ गुण मिळवले. आमच्या संपादकांनी नेमक्या याच आकड्यावर बोट ठेवले आहे. त्यांचे म्हणणे असे की, फॉरवर्ड म्हणजे स्क्रममध्ये, चेंडूसाठी दोन्ही संघांच्या पुढच्या फळ्या एकमेकींना भिडतात त्या घोळक्यात, खांद्याला खांदा लावून रेटा देणारा गडी. गुण मिळवणे आणि लाथेने चेंडू खांबांमधून धाडणे हे मागच्या फळीचे काम. तेव्हा एकतर आकडा चुकला आहे किंवा हा मनुष्य नावापुरताच फॉरवर्ड होता. जाणकारांनी कृपया दोन गोष्टी सांगाव्यात. हा आकडा खरा धरावा काय? आणि धरला, तर त्याच्या कारकिर्दीचे मोल त्यावरून ठरवावे काय?

मांडवीकर :
आकडा खरा आहे आणि त्याची बेरीज आपल्याला स्वतःलाही करून पाहता येते. प्रातच्या नावावर ९ ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे), २६ कन्व्हर्जन (ट्रायनंतर खांबांमधून मारलेली लाथ, २ गुण), १५ पेनल्टी (प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळालेली तशीच लाथ, ३ गुण) आणि ५ ड्रॉप गोल (पळत्या खेळात मारलेली तशीच लाथ) आहेत. त्या काळी ट्रायला आजच्याप्रमाणे ५ नव्हे, तर ३ गुण मिळत. ड्रॉप गोलचे मोल १९४८ मध्ये ४ वरून ३ वर आणले गेले होते. म्हणजे २७, ५२, ४५ आणि १५ मिळून १३९. आजच्या हिशेबाने हेच १५७ होतात, परंतु लेखात तो आकडा देऊ नये, कारण जुन्या नाण्याची किंमत आजच्या बाजारभावाने सांगितली की वाचकाचा उगाच गोंधळ होतो.

संपादकांची शंका मात्र अगदीच निराधार नाही. आठ फॉरवर्डपैकी पुढच्या पाच जणांबाबत ती बरीचशी लागू पडते. प्रात फ्लँकर होता, म्हणजे स्क्रमच्या कडेला बांधलेला आणि चेंडू बाहेर पडताक्षणी सुटून प्रतिस्पर्ध्यावर झेप घेणारा. आपल्या कबड्डीतला कोपरारक्षक डोळ्यांसमोर आणा. पकड करणे हे त्याचे मुख्य काम, पण अंगात चपळाई असेल तर तो चढाईलाही जातो. लाथ मारण्याचे काम मागच्या फळीनेच करावे असा कोणताही नियम नाही, ज्याचा पाय अचूक त्याने मारावी. तरीही ड्रॉप गोल ही गोष्ट फॉरवर्डच्या बाबतीत खरोखर दुर्मीळ आहे. पळत्या खेळात, अंगावर माणसे धावून येत असताना, चेंडू हातातून सोडायचा आणि तो जमिनीला टेकून उसळताच आडव्या दांडीवरून मारायचा, हे स्क्रममधून धापा टाकत उठलेल्या माणसाने करून दाखवणे हे कौशल्यच म्हटले पाहिजे.

राजमहाल रोड :
आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर नकारार्थी आहे. गुणांवरून मोल ठरवू नये, काळावरून ठरवावे.

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांच्या संघटनांनी १९३१ मध्ये फ्रान्सशी खेळण्याचे संबंध तोडले होते. फ्रान्समधील क्लब खेळाडूंना छुपे पैसे देतात आणि त्यांच्या स्पर्धेत मारामाऱ्या होतात, असा आक्षेप होता. रग्बी युनियन, म्हणजे रग्बीचा हा पंधरा जणांचा प्रकार, तेव्हा कटाक्षाने हौशी खेळ होता, त्यामुळे पैशाचा आरोप हा जातीबाहेर टाकण्याइतका गंभीर मानला जाई. समेट १९३९ मध्ये ठरला, लगेच महायुद्ध आले, आणि पाच राष्ट्रांच्या स्पर्धेत फ्रान्स प्रत्यक्षात परतला तो १९४७ मध्ये. प्रातचा पहिला सामना १ जानेवारी १९४५ रोजी पॅरिसमध्ये ब्रिटिश लष्कराच्या संघाविरुद्ध झाला, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. याचा अर्थ असा की त्याच्या पिढीतील खेळाडूंना ज्येष्ठांकडून या स्पर्धेचा अनुभव वारशाने मिळालाच नाही. त्यांना सगळे नव्याने शिकावे लागले.

आता त्यापुढील पायऱ्या पाहा. १९४८ मध्ये स्वान्सी येथे वेल्सवर ११-३ असा विजय, जो वेल्सच्या भूमीवरील फ्रान्सचा पहिला विजय होता. १९५१ मध्ये ट्विकेनहॅम या इंग्लंडच्या घरच्या मैदानावर इंग्लंडवर ११-३ असा विजय, तोही फ्रान्सचा तेथील पहिलाच. त्या ११ पैकी ८ गुण एकट्या प्रातचे, त्यात एक ट्राय, एक कन्व्हर्जन आणि एक ड्रॉप गोल. २७ फेब्रुवारी १९५४ रोजी पॅरिसजवळच्या कोलोंब येथे न्यूझीलंडवर ३-० असा विजय, त्या संघाविरुद्धचा फ्रान्सचा पहिला. एकुलता एक ट्राय कर्णधार प्रातचा होता. त्याच वर्षी फ्रान्सला इंग्लंड आणि वेल्ससह पाच राष्ट्रांचे विजेतेपद विभागून मिळाले, तेही प्रथमच.

बडोद्याच्या वाचकाला हे पटवायचे असेल तर विजय हजारे यांचे उदाहरण द्यावे. आपल्या बडोद्याच्या संघातले हजारे भारताचे कर्णधार असतानाच भारताने फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला हरवून कसोटी क्रिकेटमधील पहिला विजय मिळवला. हजाऱ्यांच्या धावा कोणी विसरत नाही, परंतु तो पहिला विजय वेगळ्या खात्यात जमा होतो. प्रातच्या बाबतीत तसेच आहे.

जुना कबड्डीपटू :
राजमहाल रोड यांच्याशी मी निम्माच सहमत आहे. काळ आणि गुण वेगळे काढता येत नाहीत, कारण त्या काळातले विजय मुळात मोजक्या गुणांचेच असत. १९५५ चा ट्विकेनहॅमचा सामना पाहा. फ्रान्सने तो १६-९ असा जिंकला आणि त्यात प्रातचे दोन ड्रॉप गोल होते. ते सहा गुण काढून घेतले तर गुणफलक १०-९ होतो. अशा सामन्यात त्याचे गुण दुय्यम कसे मानायचे?

५१ या संख्येबद्दलही दोन शब्द लिहावेत. फ्रान्सला पाच राष्ट्रांच्या स्पर्धेतून वर्षाला चारच सामने मिळत, दौरे क्वचित होत, आणि राखीव खेळाडू मैदानात उतरवण्याची सोय नव्हती. आज वीस मिनिटांसाठी आत आलेल्या खेळाडूच्या खात्यावरही एक सामना चढतो. प्रातच्या काळी दुखापत झाली तर लंगडत खेळायचे किंवा संघाने चौदा जणांनिशी खेळायचे.

आणि अपयशही लिहा. १९५५ मध्ये स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंड या तिघांना हरवल्यावर स्पर्धेतले चारही सामने जिंकण्याची संधी फ्रान्ससमोर होती, परंतु वेल्सने कोलोंबला येऊन १६-११ असे हरवले. विजेतेपद वेल्ससह विभागून मिळाले खरे, पण प्रातच्या हातून जे निसटले ते निसटलेच. त्याच वर्षी त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. दिवाळी अंकात नायकाला शेवटी जिंकवण्याचा मोह होतो, म्हणून सांगितले.

मांडवीकर :
लूर्दवरून लेख सुरू होणार असेल तर क्लबची बाजू सोडू नका. लूर्दचा संघ १९४५ आणि १९४६ अशा लागोपाठ दोन वर्षी अंतिम सामना हरला होता. त्यानंतर प्रातसह त्यांनी १९४८, १९५२, १९५३, १९५६, १९५७ आणि १९५८ असे सहा वेळा फ्रान्सचे विजेतेपद मिळवले. त्याचा धाकटा भाऊ मॉरिस त्याच संघात मागच्या फळीत खेळे. शेवटची तीन विजेतेपदे देशासाठी खेळणे थांबवल्यानंतरची आहेत, हे मला विशेष वाटते. पुढे साठच्या दशकात तो राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षकही झाला, परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अकोटावासी :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मांडवीकरांची बेरीज आज सकाळी संपादकांना दाखवली. त्यांनी ती पेन्सिलीने दोनदा पडताळली आणि आक्षेप मागे घेतला. कोपरारक्षकाची उपमा त्यांना इतकी आवडली की ती पहिल्याच परिच्छेदात घ्यावी असा त्यांचा आग्रह आहे. हजारे यांचा उल्लेख एका वाक्यात घेईन, कारण त्याहून लांबवला तर आमचे वाचक क्रिकेटकडे वळतील आणि प्रात मागे राहील. वेल्सविरुद्धचा पराभव सविस्तर लिहितो. शीर्षकात मी १३९ हा आकडा घातला होता, तो काढून तिथे ‘तीन विरुद्ध शून्य’ असे करतो.