मुलांचा वाढदिवस, घरचा केक आणि गोडाचं टेबल : तुमचे अनुभव लिहा

माझ्या मुलाचा वाढदिवस दिवाळीच्या आगेमागे येतो. गेल्या वर्षी सातवा होता. ‘थीम काय हवी?’ असं विचारल्यावर तो लगेच म्हणाला, ‘किल्ला.’ अंगणात मातीचा करतो तसाच, पण खाता येणारा.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आठ इंची चौकोनी स्पंज दोन भाजले, बिनअंड्याचे, कारण आमच्या सोसायटीतली तीन मुलं अंडं खात नाहीत. एका स्पंजला २५० ग्रॅम मैदा, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, १०० ग्रॅम लोणी, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा आणि १५० मिली सोडावॉटर. सोडावॉटर घातलं की रेंगाळायचं नाही. ओव्हन १८० अंशांवर आधीच तापलेला हवा, नाहीतर बुडबुडे निघून जातात आणि केक मधोमध बसतो. ताजा स्पंज कापला तर भुगा होतो, रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेला सुरीचं ऐकतो. म्हणून कापाकापी दुसऱ्या दिवशी सकाळी.

स्विस रोल उभे केले, ते बुरूज. वेफर बिस्किटांच्या पायऱ्या. सुक्या खोबऱ्याच्या किसाला हिरवा रंग चोळून गवत, कारण मातीच्या किल्ल्यावर आम्ही हळीव पेरतो ते त्याला इथेही हवंच होतं. मावळे मात्र केकवर ठेवले नाहीत. त्यांचा रंग खाण्याचा नसतो. त्यांच्यासाठी पायथ्याशी पुठ्ठ्याची वेगळी वाट केली आणि कागदाचा भगवा झेंडा माथ्यावर. टेबलावर बाकी सगळं फराळाचंच होतं. शंकरपाळे म्हणजे दगडी चिरे, बेसनाचे लाडू म्हणजे तोफगोळे. वेगळं गोड विकत आणावं लागलं नाही आणि मुलांनी लाडू एरवीपेक्षा दुप्पट खाल्ले.

संध्याकाळी आधी औक्षण झालं, मग केक. पहिला बुरूज त्याने स्वतः पाडला आणि आजीला नेऊन दिला.

तुम्ही घरी काय केलंत ते सांगा. जमलेलं लिहा, फसलेलंही लिहा, आणि प्रमाण नेमकं द्या. ‘अंदाजाने’ असं लिहिलं की नवीन करणारीची पंचाईत होते.

नागपूरहून :

आमच्याकडे लेकीचा वाढदिवस मे महिन्यात असतो. पारा ४५ च्या घरात. पहिल्या वर्षी फुलपाखराचा केक केला, वर फाँडंटचे पंख. हॉलमध्ये कूलर चालू होता आणि तासाभरात पंखांना घाम सुटला, रंग ओघळले. कूलरची हवा दमट असते आणि फाँडंट म्हणजे जवळजवळ सगळी साखर, ती ओल ओढून घेते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. लेक तीन वर्षांची होती, तिला काहीच कळलं नाही. पण मी दोन रात्री जागून ते पंख केले होते, मला फार वाईट वाटलं होतं.

आता उन्हाळ्यात फाँडंट बंद. बटरक्रीमही नाही, लोणी आमच्या हवेत उभं राहत नाही. व्हिपिंग क्रीम असेल तर भांडं आणि बीटरची पाती आदल्या रात्रीपासून फ्रीजरमध्ये, आणि फेटायचं पहाटे. साध्या फ्रेश क्रीमच्या पाकिटावर २५ टक्के स्निग्धांश लिहिलेलं असतं, ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. मी त्यात दोन पाकिटं घालवली आहेत. क्रीम घेताना निदान ३० टक्के तरी पाहा. सगळ्यात भरवशाचं म्हणजे दोन भाग डार्क चॉकलेट आणि एक भाग क्रीम असं घट्ट गनाश. तेही पाहुणे बसले, गाणं म्हणायची वेळ झाली, की मगच फ्रिजबाहेर काढायचं.

टेबलावर संत्रा बर्फी असतेच. तिचे पिवळे-केशरी तुकडे साच्याने कापले की सूर्यफुलं होतात. ती गरमीत तास-दोन तास छान राहते आणि आमच्या गावची आहे.

पिंपरी-चिंचवडहून, एक बाबा :

मुलगा चार वर्षांचा, वेड जेसीबीचं. आमच्या खिडकीतून रोज एक दिसतो, त्याचं जेवण त्याच्याकडे बघतच होतं. बायकोची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, म्हणून केक मी केला. आयुष्यातला पहिला.

आयताकृती चॉकलेट केक, त्याच्या मधोमध चमच्याने खड्डा कोरला. कोरलेला भाग चुरून परत वर, ती माती. मारी बिस्किटांची पूड म्हणजे वाळू, गनाश म्हणजे डांबर. खेळण्यातला नवा जेसीबी साबणाने धुऊन, वाळवून, त्याच्या चाकांखाली बिस्किटं ठेवून वर चढवला. खडीच्या ढिगासाठी खडीसाखर आणली होती. नावच तसं आहे, मग दुसरं काय घेणार!

मुलांनी प्लास्टिकच्या छोट्या फावड्यांनी ‘माती’ वाढून घेतली. माझ्या मुलाने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि शेवटी स्वतः घेतली. त्याचा तो चेहरा मी विसरणार नाही. तेव्हापासून घरात केक हे माझं खातं आहे.

धागा काढणारी :

पिंपरीचे दादा, वाचून डोळे भरून आले. एक सांगते, राग मानू नका. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना खडीसाखर, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, मार्शमेलो देऊ नका, घशात अडकतात. खेळता-पळताना तर नकोच. चॉकलेट बिस्किटांचे जाडसर तुकडे केले की खडी हुबेहूब दिसते. आणि आकार धरून ठेवायला टूथपिक लावल्या असतील तर लावताना मोजा आणि कापण्याआधी तेवढ्याच निघाल्या का ते बघा.

साताऱ्याहून, आजी :

तुम्हा सगळ्यांचं वाचून मला १९८४ साल आठवलं. थीम हा शब्द तेव्हा कुणी ऐकला नव्हता. थोरलीच्या पाचव्या वाढदिवसाला तिला बाहुली हवी होती आणि पैसे केकचेच होते. म्हणून केकचीच बाहुली केली.

ओव्हन नव्हता. मोठ्या कुकरच्या तळाशी दोन बोटं वाळू, त्यावर स्टँड, झाकणाची शिट्टी आणि रिंग काढलेली. वाळू दहा मिनिटं तापवायची आणि मगच भांडं आत. घागऱ्याचा आकार यावा म्हणून मिश्रण खोल वाडग्यात ओतलं. मंद आचेवर पन्नास मिनिटं, मग विणायची सुई खुपसून पाहिली. सुई कोरडी निघाली म्हणजे झाला. गार झाल्यावर वाडगा उपडा केला, वरून मधोमध भोक पाडलं आणि तिची जुनीच बाहुली स्वच्छ पुसून, पाय कागदात गुंडाळून उभी केली. आयसिंग डालडा आणि वस्त्रगाळ पिठीसाखरेचं. बटर पेपरचा कोन करून त्याने घागऱ्यावर झालरी काढल्या. गुलाबी रंग बिटाच्या रसाचा. तो आयसिंगमध्ये छान खुलतो, पण केकच्या मिश्रणात घालून भाजला तर तपकिरी होतो, हे लक्षात ठेवा.

नानकटाईचं पीठ घरी मळून, ट्रेमध्ये लावून आम्ही बेकरीत भाजायला नेत असू. तिथे रांग असायची आणि आपला ट्रे ओळखावा म्हणून प्रत्येकीची खूण वेगळी. मी बदामाऐवजी चारोळी लावत असे.

ती बाहुली अजून माझ्या कपाटात आहे. मुलीला ती रात्री परत मिळाली, तेव्हा तिच्या पायाला केक लागलेला होता.

मडगावहून :

आमच्याकडे केक म्हटलं की बात. रवा, ओलं खोबरं, अंडी, लोणी, साखर. मिश्रण रात्रभर भिजत ठेवायचं आणि सकाळी भाजायचं. रवा फुगतो म्हणून बात दाट आणि ओलसर होते, कापायला सोपी. मुलाच्या समुद्राच्या थीमला मी तिची वाळू केली. खोबरं असल्यामुळे ती वाळूसारखी रवाळ दिसतेच. वर निळ्या जेलीचा पातळ थर, तो चायना ग्रासचा, कारण साध्या जेलीत बहुतेकदा जिलेटिन असतं आणि ते दोन पाहुण्यांना चालत नव्हतं. निळा रंग अगदी थेंबभर घाला, जास्त झाला तर सगळ्यांच्या जिभा निळ्या.

ठाण्याहून :

माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे, सहाव्या वर्षापासून. हे मुद्दाम लिहिते, कारण निदान झाल्यावर पहिला प्रश्न नातेवाइकांनी हाच विचारला, ‘आता वाढदिवसाला केक कसा?’ आणि तिच्यासमोर विचारला.

केक खाता येतो. कर्बोदकं मोजायची आणि त्याप्रमाणे इन्सुलिन द्यायचं, एवढंच. दुकानातून आणलेल्या केकमध्ये किती काय आहे ते मला कळत नाही. घरच्या केकमध्ये पै-पैचा हिशोब लागतो. मैदा, साखर, दूध, चॉकलेट, प्रत्येक जिन्नस वजनकाट्यावर. त्या सगळ्यांच्या कर्बोदकांची बेरीज, तयार केकचं एकूण वजन, त्यावरून दर १० ग्रॅमला किती. हे एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवते. तिचा तुकडा तीच वजन करून घेते. ‘शुगर फ्री’ केकच्या नादी मी लागत नाही, कारण साखर नसली तरी मैदा असतोच आणि तोही रक्तातली साखर वाढवतो.

२०२३ साली तिचा नववा वाढदिवस सप्टेंबरात होता. २३ ऑगस्टला चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं तेव्हा शाळेत सगळ्यांनी मिळून पाहिलं होतं, त्यामुळे थीम तिने तिथेच ठरवली. गोल केक, वर व्हाइट चॉकलेटचं गनाश, त्यात थोडी कोको पावडर घालून मातकट केलेलं. ते अर्धवट घट्ट झालं की चमच्याच्या पाठीने दाबून विवरं. सोनेरी कागदातल्या चॉकलेटला चार वेफरच्या काड्यांचे पाय लावून विक्रम लँडर. शंकरपाळ्यांचं पीठ लाटून चांदणीच्या साच्याने कापलं आणि तळलं. टेबलावरच्या प्रत्येक पदार्थापुढे एक छोटं कार्ड होतं, नाव आणि एका नगातली कर्बोदकं. मुलांना ती रॉकेटच्या इंधनाची नोंद वाटली. एकानेही ‘हिला चालतं का?’ असं विचारलं नाही. मी आत जाऊन पाच मिनिटं एकटी बसले होते.

मेलबर्नहून :

ठाण्याच्या ताई, कार्डाची कल्पना मी उचलते आहे. इथे बहुतेक वाढदिवसांना फेअरी ब्रेड असतो. पांढऱ्या ब्रेडला लोणी, त्यावर साखरेची रंगीत मोहरी दाबायची आणि त्रिकोण कापायचे. एवढंच, पण मुलं त्यावर तुटून पडतात. मी त्याच्या शेजारी खोबऱ्याच्या गुलाबी-पांढऱ्या वड्या ठेवते. पहिल्या वर्षी कुणी हात लावला नाही. आता मुलाचे मित्र ‘पिंक वडी’ आहे का असं दारातच विचारतात.

रत्नागिरीहून :

माझ्या मुलाला गहू चालत नाही. सीलिअॅक आहे. मैदा, रवा, बिस्किटं सगळं बंद. दुसऱ्यांच्या वाढदिवसाला तो घरून डबा नेतो आणि केक कापताना गॅलरीत जाऊन उभा राहतो. हे मला एका दुसऱ्या आईने सांगितलं.

त्याच्या सहाव्या वाढदिवसाला मी विकतची पिठं आणून तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा वीट झाली. आई बघत होती, ती म्हणाली, ‘अगो, धोंडस कर की.’ भाद्रपद होता, परसात तवशी, म्हणजे मोठ्या जून काकड्या, लटकलेली. तांदळाच्या कण्या, तवशाचा कीस, गूळ, खोबरं. आमच्या घरात शंभर वर्षं होत असलेला केक, त्यात गहू नाही, अंडं नाही, आणि मी पिठं शोधत बसले होते. आई लहान असताना भांड्याच्या खाली आणि झाकणावर निखारे ठेवून भाजत. मी ओव्हनमध्ये भाजला.

थीम शेत. धोंडसाचा रंग मुळातच मातीचा असतो. त्यावर काट्याने नांगरटीच्या रेघा ओढल्या, हिरव्या खोबऱ्याची रोपं लावली. सांदणं म्हणजे भाताच्या उडव्या. वाढदिवसाला आलेली चौदा मुलं, सगळ्यांना तेच. तो पहिल्यांदा टेबलाच्या मधोमध उभा राहून खात होता.

ज्यांच्याकडे असं मूल येणार असेल त्यांना सांगते, मैदा चाळलेली चाळणी आणि लाकडी कालथा वापरू नका. बाजारच्या हिंगातही बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. नुसता मैदा वगळून भागत नाही.

पिंपरीचे बाबा :

रत्नागिरीच्या ताई, प्रमाण द्याल का? बायकोच्या भाचीला गहू चालत नाही, रविवारी तिचा वाढदिवस आहे. आमचा ओव्हन बिघडलाय.

रत्नागिरीहून :

एक वाटी तांदळाचा जाडसर रवा तुपावर खमंग भाजा. दोन वाट्या तवशाचा कीस, त्याला सुटलेल्या पाण्यासकट. ते पाणी टाकू नका. कोवळी काकडी नको, जून पिवळं तवसं घ्या आणि आधी चव बघा, कडू निघालं तर सगळं जातं. पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, वेलची. कीस आणि गूळ उकळू द्या, मग रवा घालून झाकण ठेवा. गोळा भांड्यापासून सुटायला लागला की तूप लावलेल्या डब्यात थापा. ओव्हन नाही तर साताऱ्याच्या आजींचा कुकर आहेच, वाळू तापवून, शिट्टी आणि रिंग काढून, मंद आचेवर पाऊण तास. कडा सुटल्या की उतरवा. शनिवारी करा, दुसऱ्या दिवशी वड्या नीट पडतात.