दूषित अन्नातून होणाऱ्या जुलाबांचं प्रमाण कसं काढायचं?

प्रश्न: तालुक्याच्या अहवालासाठी हा आकडा हवा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडी नोंदी पुरतील का?

उत्तर १: नाही. बहुतेक जण मीठ-साखर-पाणी घेऊन घरीच बरे होतात, ते रजिस्टरात येतच नाहीत. घरोघरी विचारा: गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झाले का? व्याख्या सगळीकडे एकच ठेवा, २४ तासांत ३ किंवा जास्त वेळा पातळ शौच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) पाच वर्षांखालच्या ७.३ टक्के मुलांना पंधरवड्यात जुलाब झाले होते.

उत्तर २: पण त्याला २६ ने गुणून ‘मुलामागे वर्षाला १.९ वेळा’ असं लिहू नका, ही चूक सर्रास होते. पंधरवड्याआधी सुरू झालेले आजारही त्यात मोजले जातात. आजार सरासरी ४ दिवसांचा धरला तर खरा कालावधी १४ अधिक आधीचे ३, म्हणजे १७ दिवसांचा होतो आणि उत्तर येतं साधारण १.६. शिवाय फक्त पावसाळ्यात पाहणी केलीत तर तो आकडा वर्षभराचा म्हणता येणार नाही.

उत्तर ३: अन्न की पाणी, हे अशा पाहणीतून कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही ती वाटणी तज्ज्ञांच्या अंदाजावरूनच केली: २०१० साली अन्नातून ६० कोटी आजारी, त्यांत ५५ कोटी जुलाबाचे. तुमच्या हातात आहे ते साथीचा तपास. जेवणावळीत न आजारलेल्यांनाही विचारा. समजा, बासुंदी खाल्लेल्या ४० पैकी ३० आजारी आणि न खाल्लेल्या ५० पैकी ५, तर संशय पक्का. फक्त आजाऱ्यांना विचारलंत तर भात सगळ्यांनीच खाल्लेला निघतो आणि संशय उगाच भातावर जातो.