टाळू म्हणजे नक्की कुठली? डोक्यावरची की तोंडातली?

कऱ्हाडची_सून
माझी मुलगी साडेपाच महिन्यांची आहे. गेल्या आठवड्यात तिला दोन दिवस जुलाब होत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगाला तेल लावताना सासूबाई एकदम थांबल्या. माझं बोट धरून त्यांनी बाळाच्या डोक्यावर ठेवलं. "टाळू बसलीय गं, बघ." कपाळाच्या वर जिथं एरवी मऊ, सपाट लागतं आणि ठोका उडताना दिसतो, तिथं बोटाला चक्क खळगा लागला.

लगेच दवाखाना गाठला. तिथंही सासूबाईंनी हेच सांगितलं. तरुण डॉक्टरांनी बॅटरी घेतली, बाळाचं तोंड उघडून आत पाहिलं आणि "टाळू व्यवस्थित आहे" म्हणून घरी पाठवलं. संध्याकाळी बाळ फारच मलूल झालं म्हणून दुसरीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी डोक्यावरूनच हात फिरवला आणि दाखल करून सलाईन लावलं.

आता बाळ छान आहे. पण सासूबाईंनी मनाला लावून घेतलंय. "मीच गावठी शब्द बोलले, म्हणून उशीर झाला," असं दोनदा म्हणाल्या. खरंच चुकलं का त्यांचं?

निवृत्त_सिस्टर
त्यांचं काहीही चुकलेलं नाही, हे आधी त्यांना सांगा. मी 30 वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली. "टाळू बसली" म्हणत आलेल्या आजीला मी कधी रांगेत थांबवलं नाही. बाळाच्या अंगातलं पाणी कमी झाल्याची ती मोठी खूण आहे.

जन्मतः कवटीची हाडं एकमेकांना जुळलेली नसतात. बाळंतपणात ती थोडी एकमेकांवर सरकतात म्हणून डोकं बाहेर येतं, आणि पुढे मेंदू वाढायलाही जागा राहते. कपाळाची दोन आणि वरची दोन हाडं जिथं भेटतात, तिथं पतंगाच्या आकाराची मोकळी जागा असते, वर चिवट पडदा. तीच टाळू. साधारण वर्ष-दीड वर्षात भरते.

बघायची असेल तर बाळ शांत असताना, उभं धरून बघा. रडताना ती वर येते, त्यावरून काही ठरवू नका. पण शांत बाळाची टाळू फुगून ताठ लागत असेल आणि ताप असेल, तर तेही तितकंच गंभीर. घरी थांबू नका.

तालव्य
शाळेत मराठी-संस्कृत शिकवतो. दोन्ही अर्थ खरे आहेत. संस्कृत 'तालु' म्हणजे तोंडाच्या आतलं छत. जिभेचा मधला भाग त्याच्याजवळ नेऊन य, श म्हणतो, म्हणून ते तालव्य वर्ण. 'जीभ टाळूला चिकटली' ही तोंडातली टाळू. 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा' ही मात्र डोक्यावरची. 'टाळू भरणे' म्हणजे बाळाच्या माथ्यावर तेल जिरवणे, तीही डोक्यावरचीच.

आणि हे सासूबाईंना मुद्दाम वाचून दाखवा. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या जुन्या आयुर्वेदाच्या ग्रंथात बालरोगांमध्ये 'तालुकंटक' आहे. त्यात तालुप्रदेशी डोक्यावर खोलगटपणा येतो असं सांगितलंय, सोबत पातळ शौच, तहान, उलटी, अंगावर न पिणं. आपल्या घरात त्या सकाळी जे दिसलं, त्याच्याशी ताडून पाहा. याला गावठी कोण म्हणेल?

डॉक्टरांचा घोटाळा कुठून झाला असेल तेही कळतं. दवाखान्यातल्या मराठी फलकांवर 'दुभंगलेले ओठ आणि टाळू' असं असतं, तिथं टाळू तोंडातली. एवढाच अर्थ ऐकलेला माणूस तोंडातच बघणार. पण बाळाची आजी समोर उभी होती. "कुठं, दाखवा" एवढं विचारायला हवं होतं.

दोन_महिन्यांची_आई
मध्येच विचारते. माझ्या बाळाच्या डोक्यामागे बारीकसा मऊ भाग होता, तो आता लागतच नाही. पुढचा आहे. काळजीचं आहे का?

निवृत्त_सिस्टर
नाही. ती मागची टाळू, लहान, तिकोनी. दोन-तीन महिन्यांत भरतेच. पुढच्या डोसला जाल तेव्हा डोक्याचा घेर मोजून घ्या. आणि टाळू भरताना तेल नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. बसलेली टाळू तेलानं वर येत नाही, ती पाण्यानं येते. जुलाब असतील तर अंगावर पाजणं थांबवू नका, ओआरएस आणि झिंक डॉक्टर सांगतील तसं द्या.

कऱ्हाडची_सून
सगळं वाचून दाखवलं. वाग्भटाचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "माझ्या आईनं शिकवलेलं मला." बाळाच्या लसीच्या कार्डामागे मी आता लिहून ठेवलंय: 'टाळू (डोक्यावरची) रोज बघणे.' सासूबाई तेलाची वाटी कोमट करून पुन्हा बाळाजवळ बसल्यात.