एंडोस्कोपी विभागात काम करताना जडलेला दमा

प्रश्न : दुसरी_पाळी
मी परिचारिका असून सहा वर्षांपासून एका खासगी रुग्णालयाच्या एंडोस्कोपी विभागात आहे. तपासणी संपली की स्कोप (पोटात घालायची दुर्बीण) धुऊन ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या २ टक्के द्रावणात बुडवून ठेवणे हे माझे रोजचे काम. ट्रेचे झाकण उघडताच डोळे चुरचुरतात, पण त्याची सवय झाली होती. गेल्या वर्षभरात मात्र रात्री दीड-दोनच्या सुमारास खोकल्याची ढास लागते आणि छातीत घरघरते. गणपतीत आठ दिवस गावी होते, तेव्हा दम्याच्या पंपाला हातही लावावा लागला नाही. कामावर फारसा त्रास होत नाही, घरी गेल्यावर होतो, म्हणून वरिष्ठ सिस्टर म्हणतात की हा घरच्या धुळीचा परिणाम आहे. हे खरे असेल का?

उत्तर : फुप्फुसवैद्य
सिस्टर, तुमच्या हकिगतीतले गणपतीचे आठ दिवस मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, कारण कामापासून दूर असताना त्रास थांबला. अशा द्रव्याची अ‍ॅलर्जी एकदा जडली की दम तिथल्या तिथे लागतोच असे नाही; पुष्कळदा तो पाळी संपल्यावर काही तासांनी लागतो, आणि मग खापर धुळीवर फुटते. पीक फ्लो मीटर (जोरात फुंकल्यावर श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते मोजणारे छोटे उपकरण) घ्या. जागेपणी दिवसातून निदान चार वेळा, दर वेळी तीन फुंकांपैकी सर्वांत मोठा आकडा, असे चार आठवडे लिहा. शेजारी पाळीची वेळ व सुटीचे दिवस नोंदवा आणि औषधाची मात्रा परस्पर बदलू नका. विभाग बदलून मागण्याआधीच ही वही भरायला हवी, कारण नंतर तुलनेला काही उरत नाही. त्रास वाढला तर मात्र वहीसाठी थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

उत्तर : निर्जंतुक
ताई, तुमच्याकडचा एक्झॉस्ट पंखा कुठे आहे? आमच्याकडे तो छताजवळ होता. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने ट्रेच्या काठावरून खाली उतरते. वरचा पंखा तिला ओढतो तेव्हा ती नेमकी वाकून काम करणाऱ्याच्या नाकासमोरून जाते. हवा ट्रेच्या पातळीवर, मागच्या बाजूने ओढली गेली पाहिजे. एन-९५ मास्कवर विसंबू नका. तो कण अडवतो, वाफ नाही.

उत्तर : लंडनची_सिस्टर
ब्रिटनमध्ये या द्रव्याची हवेतील मर्यादा ०.०५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग) आहे, आणि इथल्या एंडोस्कोपी विभागांनी ते सोडून बंद यंत्रात स्कोप धुण्याची पद्धत स्वीकारली. तक्रार केल्यावर तुम्हाला बहुधा ऑर्थो-थॅलाल्डिहाइड हे दुसरे जंतुनाशक आणून देतील. त्याला वास जवळजवळ नसतो, पण म्हणून ते निर्धोक ठरत नाही. त्यानेही दमा जडल्याच्या नोंदी आहेत.

दुसरी_पाळी
सर्वांचे आभार. पंखा छताजवळच आहे, आणि एसीची हवा बाहेर जाते म्हणून तोही बंदच असतो. मीटर आज आणला. पहिला आकडा ३१० (लिटर प्रति मिनिट) आला. तीन आठवड्यांनी आठ दिवसांची रजा मंजूर झाली आहे, तोवर कामाच्या दिवसांची वही भरत राहीन.