आजीच्या माजघरातली रविवर्म्याची चित्रं: फ्रेम बदलू का?

ओटीपडवी
नमस्कार मंडळी. राजापूरजवळचं आमचं घर यंदा बंद केलं. माजघरात आजीच्या लग्नापासून टांगलेली दोन चित्रं डोंबिवलीला आणली आहेत. एक लक्ष्मी, लुगड्याच्या काठावर खरी जर आणि टिकल्या लावलेली. दुसरं हंस-दमयंती. काच धुरकटलीय, मागची फळी वाळवीने खाल्लीय, कागद कडांना तपकिरी पडलाय. फ्रेमवाला म्हणतो, जुनं सगळं फेका, लॅमिनेट करून नवीन देतो. ही चित्रं खरंच जुनी आहेत का, कसं ओळखायचं? आणि दोन खोल्यांत लावायची कुठे? आईला देव्हाऱ्याशेजारीच हवीत.

सायलीचा_वेल
लॅमिनेट अजिबात करू नका हो ताई! एकदा चिकटलेलं प्लास्टिक कागदासकटच निघतं. जरीचं काम तर चेपूनच जाईल.

शिळाछाप
ताई, वीस वर्षं ही चित्रं गोळा करतोय, म्हणून कळकळीने लिहितो. चित्राची खालची पांढरी पट्टी कोणालाही कापू देऊ नका. माझ्या पहिल्या शकुंतलेची पट्टी एका फ्रेमवाल्याने 'बरोबर बसावी' म्हणून कापली आणि छापखान्याचं नाव केरात गेलं. आजही ते चित्र बघितलं की आधी ती कापलेली कड दिसते.

रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, मग कार्ल्याजवळ मळवलीला गेला. पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. छापखाना त्या भागात होता, म्हणून त्या पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरांत 'कार्ला' किंवा 'लोणावळा' सापडतं. फ्रेमच्या खाचेत दडलेलं असतं, उघडल्याशिवाय दिसत नाही.

दुसरी खूण भिंगाखाली. घड्याळजी वापरतात तसं दहापट भिंग घ्या आणि देवीचा गाल बघा. तेव्हा छपाई दगडावरून व्हायची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड असे आणि त्यावरचे ठिपके कारागीर हाताने काढत. ते लहानमोठे, वाळू सांडल्यासारखे दिसतात. ठिपके एकसारखे, ओळीत मांडलेले दिसले तर छपाई नंतरची.

जुनी लाकडी चौकट ठेवा, फक्त आतली फळी बदला. चित्रामागे अ‍ॅसिड-फ्री बोर्ड, म्हणजे आम्ल नसलेला पुठ्ठा, घाला. समोर माउंट, म्हणजे काच आणि चित्राच्या मधली पुठ्ठ्याची चौकट, हवाच, कारण काच कागदाला टेकली की पावसाळ्यात ओल धरते आणि रंग काचेला चिकटतो. ओल्या फडक्याने पुसू नका. सेलोटेप नको.

देव्हाऱ्याशेजारी मात्र नको. तुमची काच धुरकटलीय ती बहुधा निरांजन-उदबत्तीनेच. देव्हाऱ्यासमोरच्या आतल्या भिंतीवर लावा, आईंना पूजा करून उठताना समोर लक्ष्मी दिसेल. बाहेरची भिंत टाळा, बाथरूमलगतचीही. चौकटीमागे चार कोपऱ्यांत बुचाचे काप चिकटवा, वारा खेळता राहतो.

ओटीपडवी
दादा, काल रात्री आई आणि मी जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर पसरून दोन्ही उघडली. लक्ष्मीच्या पट्टीवर 'कार्ला' आहे! गालावरचे ठिपके तुम्ही म्हणालात तसेच सांडलेले. दमयंतीचे मात्र अगदी ओळीत आहेत, पट्टीही कोरी. मला वाईट वाटलं. आई म्हणाली, आजी रोज दुपारी पान जुळवत हिच्याकडेच बघत बसायची, ही पहिली लागेल. समोरच्या भिंतीवर दोन्ही शेजारीशेजारी लावतोय.

एक राहिलं. लक्ष्मीच्या पदरावरच्या पाचसहा टिकल्या सुटून चौकटीत पडल्या होत्या. डिंकाने चिकटवू?

शिळाछाप
नको ताई. डिंकाने कागद आकसतो आणि कसर लागते. छोट्या कागदी पाकिटात घाला, वर 'लक्ष्मी, पदर' आणि तारीख पेन्सिलीने लिहा, आणि पाकीट चौकटीच्या मागच्या बाजूला अडकवून ठेवा. उद्या कागद दुरुस्त करणारं जाणकार माणूस भेटलं तर जागच्या जागी बसवता येतील. आणि दमयंती पहिली लावताय, हे फार छान केलंत.