गूगलच्या आकड्यांपेक्षा कॉर्पस बरा

इंग्रजीतला एखादा शब्दप्रयोग बरोबर आहे का हे गूगलवर किती निकाल येतात त्यावरून ठरवावं, असं काही जण सुचवतात. मला नाही पटत. त्यात जाहिराती, गप्पाटप्पा, यांत्रिक भाषांतरं, सगळाच गाळ येतो आणि आकडाही अंदाजेच असतो.

त्यापेक्षा 'कोका' हा अमेरिकन इंग्रजीचा कॉर्पस (म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा, शब्द शोधता येणारा संग्रह) बघा. १०० कोटींहून जास्त शब्द आहेत आणि शोध फक्त अकॅडेमिक विभागापुरता ठेवता येतो. 'डिस्कस अबाउट' टाका, मग नुसतं 'डिस्कस' टाका; फरक लगेच दिसेल. पण आकडा बघून थांबू नका, ओळी वाचा. 'रिसर्चेस' हे अनेकवचन सापडलं म्हणून खूश व्हावं, तर ते भलतीकडेच क्रियापद म्हणून आलेलं असतं!

प्रबंध लिहिणाऱ्यांनी मात्र स्वतःचा छोटा कॉर्पस करावाच. आपल्या विषयातल्या चांगल्या नियतकालिकांमधले तीसचाळीस पेपर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये घ्यायचे (संदर्भसूची कापून, नाहीतर नुसती नावंच मोजत बसाल) आणि लॉरेन्स अँथनी यांनी बनवलेल्या, कॉर्पसमध्ये शब्द शोधून देणाऱ्या 'अँटकाँक' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडायचे. 'सजेस्ट' शोधून सापडलेल्या ओळी त्याच्या डावीकडच्या शब्दानुसार क्रमाने लावल्या की आपल्या क्षेत्रात 'रिझल्ट्स सजेस्ट' चालतं की 'वी सजेस्ट', ते समोर येतं. 'प्रूव्ह' किती जपून वापरतात तेही बघा. व्याकरणाचं पुस्तक हे सांगत नाही, आणि गाइडला विचारायला गेलं तर "वाचत जा" एवढंच उत्तर मिळतं.